लंडी खाना नावाचं स्टेशन

१० ऑगस्ट २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर पुण्यात वारले. वय ८२. बातमी मी भिलाईत, सकाळच्या चहाबरोबर वाचली. शेजारी बसलेले ओडिया गृहस्थ म्हणाले, "कौन थे?" मी म्हणालो, "वो पाकिस्तान की क़ैद से भागे थे न, सन बहत्तर में." त्यांनी मान डोलावली. "पहुँच गये थे?" त्यांनी विचारलं. "नहीं, चार मील पहले पकड़े गये." यावर ते हसले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "फिर तो भागे कहाँ?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. परुळकरांची गोष्ट आपल्याकडे धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण मला ती हळूहळू नावांची गोष्ट वाटू लागली आहे: खोटी नावं, मेलेली नावं, चुकीच्या अक्षरांत छापलेली नावं. भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला हे जाणवायचं एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आधी माणसाबद्दल. परुळकर मार्च १९६३ मध्ये भारतीय हवाईदलात दाखल झाले. दोनच वर्षांनी १९६५ची लढाई आली. त्या लढाईत त्यांच्या विमानाला गोळी लागली, उजव्या खांद्याला जखम झाली. सोबतच्या म्होरक्यानं विमान सोडून पॅराशूटनं उतरायचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही, मोडकं विमान हाकत तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. तेव्हा ते विशीतच होते.

१९६८ साली त्यांनी आपले वरिष्ठ एम. एस. बावा यांच्याजवळ बोलताना सांगून ठेवलं होतं की, आपलं विमान कधी पडलं आणि आपण कैदी झालो, तर आपण तुरुंगात बसून राहणार नाही, पळायचा प्रयत्न करू. तरुण वैमानिक असं काहीबाही बोलतात. पुढे तीन वर्षांनी ते शब्द खरे करायची पाळी येते, हे मात्र क्वचित घडतं.

१९७१ साली परुळकर फ्लाइट लेफ्टनंट होते, २६ स्क्वाड्रनमध्ये, आणि सुखोई-७ उडवत होते. या विमानाबद्दल चार शब्द लिहायला हवेत. कॅनबेरा हे आपलं खरं बाँबफेकी विमान. दोन इंजिनांचं, लांब पल्ल्याचं, सोबत दिशादर्शक बसवणारं. सुखोई-७ त्या मानानं वेगळं. एका इंजिनाचं, एका माणसाचं, लढाऊ आणि बाँबफेकी अशी दोन्ही कामं अंगावर घेणारं. १९६८पासून ते सोव्हिएत संघातून आपल्याकडे येऊ लागलं. अंगानं दणकट, मार खाऊनही परत येणारं, पण इंधन भसाभस पिणारं. त्यामुळे पल्ला तोकडा. वैमानिकाला खाली येऊन, जमिनीवरच्या तोफांच्या टप्प्यात शिरून, नेमकं लक्ष्य गाठायचं आणि लगेच वळायचं. उंचावरून निवांत बाँब सोडण्याची चैन त्यात नव्हती. म्हणूनच १९७१च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर पडलेल्या विमानांत सुखोई बरीच होती आणि कैद झालेल्या वैमानिकांत सुखोईवालेही बरेच होते.

सुखोई हे नाव भिलाईकराच्या कानाला परकं नाही. आमचं गावच सोव्हिएत मदतीनं उभं राहिलेलं. २ फेब्रुवारी १९५५ला करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. माझे वडील नागपूरहून इथे आले तेव्हा, ते सांगत, कारखान्यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस इंजिनिअर नसून दुभाषा असे. रशियन साहेब एक वाक्य बोलायचा, दुभाषी ते हिंदीत किंवा इंग्रजीत सांगायची, मग फोरमन ते छत्तीसगढीत खाली पोचवायचा, आणि वडील घरी येऊन आईला मराठीत. एका वाल्व्हचं नाव चार भाषांतून फिरून येई. त्यात एखादं अक्षर चुकलं तर वाफ चुकीच्या नळीत जायची. ऑगस्ट १९७१मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचा करार झाला आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे मैत्रीबाग झाली. मी लहानपणी तिथे वाघ बघायला जात असे. त्याच मैत्रीच्या दुसऱ्या टोकाला ही विमानं होती, हे मला फार उशिरा उमगलं.

१० डिसेंबर १९७१ला झफरवालच्या बाजूला हल्ला करताना परुळकरांच्या विमानाला विमानवेधी तोफांचा मारा लागला. ते विमानातून बाहेर पडले, पॅराशूटनं उतरले आणि पकडले गेले.

इथे क्षणभर थांबायला हवं. विमानातून खाली बघणाऱ्या वैमानिकाला माणसांची नावं माहीत नसतात. त्याच्या नकाशावर पूल असतो, धावपट्टी असते, रणगाड्यांची रांग असते. खाली कोण आहे हे त्यानं विचारायचं नसतं. विचारलं तर त्याचं काम होणार नाही. पॅराशूट जमिनीला टेकलं की सगळं उलटं होतं. आता त्याच्याजवळ नावाखेरीज काहीच उरत नाही. १९४९च्या जिनिव्हा कराराचं सतरावं कलम सांगतं की युद्धकैद्यानं आपलं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढंच सांगायला बांधील असावं. ही तरतूद कैद्याच्या बचावासाठी आहे असं आपण वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की हे चार तपशील कुठल्यातरी वहीत नीट लिहिले गेले, ती वही रेडक्रॉसपर्यंत पोचली, तरच तो माणूस जगाच्या दृष्टीनं जिवंत. लिहिलं गेलं नाही, तर तो जिवंत असूनही नाही.

परुळकरांचं नाव लिहिलं गेलं. ते रावळपिंडीच्या छावणीत पोचले. पाकिस्तानी हवाईदलानं तिथे भारतीय वैमानिक ठेवले होते. सुरुवातीचे दिवस एकेकट्या कोठडीतले आणि चौकशीचे. मग नाताळ आला. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी केक आणवला आणि सगळ्या कैद्यांना पहिल्यांदाच एकत्र बसू दिलं. विंग कमांडर कोएलो त्यांच्यात सर्वांत वरिष्ठ. जाफा, कामत, तेजवंत सिंग, भार्गव, ग्रेवाल, सिंहजी, कुरुविला, मुल्ला-फिरोज, चाटी. ही यादी वाचताना मला भिलाईच्या एखाद्या ब्लॉकमधल्या नावांच्या पाट्या आठवतात. एका जिन्यात इतकीच विविधता असते.

लढाई १७ डिसेंबरला थांबली होती. त्याच जिनिव्हा कराराचं ११८वं कलम म्हणतं की प्रत्यक्ष लढाई संपल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावं. तसं झालं नाही. आणि याचं खापर फक्त पलीकडच्यांवर फोडणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ढाक्यात शरण आलेले आणि त्यांच्याबरोबरचे मिळून सुमारे ९३,००० पाकिस्तानी भारताच्या ताब्यात होते. शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली, तेव्हा बांगलादेशाच्या संमतीशिवाय त्यांना सोडता येत नाही, अशी भारताची भूमिका. आणि पाकिस्ताननं बांगलादेशाला अजून मान्यताच दिलेली नव्हती. २ जुलै १९७२ला सिमला करार झाला, त्यातही कैद्यांचा प्रश्न सुटला नाही. जनरल नियाझी तेव्हा जबलपूरच्या छावणीत होते. भिलाई त्या काळी मध्यप्रदेशातच होतं, म्हणजे ते आमच्याच राज्यात होते. ते परत गेले एप्रिल १९७४मध्ये. रावळपिंडीतले मोजके वैमानिक या मोठ्या हिशेबातली किरकोळ रक्कम होते. सिमल्याची बातमी कळल्यावर त्यांना हे कळून चुकलं असणार.

परुळकरांना बेत आखायला सिमला करार लागला नाही. तो त्यांच्या मनात आधीपासून होता. सोबत आले मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. विद्याधर चाटी पळणार नव्हते, पण तयारीत पूर्ण सामील होते. बेत ऐकून सगळेच आनंदले असं समजायचं कारण नाही. तिघे गेले तर मागे राहणाऱ्यांवर निर्बंध येणार, हे उघड होतं.

साधनं कुठून आणायची? कॅप्टनच्या तोडीच्या अधिकाऱ्याला महिन्याला ५० स्विस फ्रँकांइतकी रक्कम आगाऊ द्यावी, असं जिनिव्हा करारातच आहे. ती पाकिस्तानी रुपयांत हाती पडे. तिघांनी ती साठवली. पॅराशूटच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या. वैमानिकाच्या दाबाच्या पोशाखातून पाणी ठेवायची पिशवी केली. शिवणाची सुई बॅटरीच्या विजेनं चुंबकीय करून होकायंत्र बनवलं आणि ते फाउंटन पेनसारखं दिसेल असं केलं. कपडे स्थानिक पद्धतीचे मिळवले.

दिशा ठरवताना त्यांनी डोकं वापरलं. भारत पूर्वेला, पण त्या सीमेवर दोन्ही सैन्यं आणि मधोमध सुरुंग. म्हणून उलट पश्चिमेला जायचं: पेशावर, खैबर खिंड आणि पलीकडे अफगाणिस्तान. नकाशावर खैबरमधली रेल्वे दिसत होती, तिचं शेवटचं स्टेशन दिसत होतं. नाव लंडी खाना. तिथून सीमा अगदी हाताशी.

रात्री दहानंतर काम चाले. पाच नंबरच्या कोठडीच्या मागच्या भिंतीचा गिलावा खरवडायचा, विटा मोकळ्या करायच्या, सकाळी परत बसवून झाकायच्या. दोघे खरवडत, बाकीचे पहारा ठेवत. आवाज झाकायला ट्रान्झिस्टर. पहिला प्रयत्न फसला, कारण बाहेरच्या बाजूचा गिलावा वाटला होता त्याहून टणक निघाला. पुन्हा वाट बघणं आलं. भगदाड होतं २१ बाय १५ इंचांचं. घरातल्या एखाद्या लहान खिडकीएवढंही नाही.

शेवटी १२ ऑगस्ट १९७२ची रात्र निवडली. शनिवार होता. पुढे रविवार आणि सोमवारी पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, तेव्हा पहारा सैल असेल हा अंदाज. मध्यरात्रीनंतर तिघे भगदाडातून बाहेर पडले. ते उघडत होतं हवाईदलाच्या भरती कार्यालयाच्या आवारात. नेमकं त्याच वेळी धुळीचं वादळ उठलं आणि मागोमाग पाऊस. बाहेर खाटेवरचा पहारेकरी तोंडावर पांघरूण ओढून बसला होता. तिघे भिंतीवरून रस्त्यावर उतरले तेव्हा सिनेमाचा रात्रीचा खेळ सुटला होता, ते त्या गर्दीत मिसळले. पुढे पेशावरची बस मिळाली.

आता त्यांना नावं लागणार होती. परुळकर झाले फिलिप पीटर. सिंहजी झाले हॅरॉल्ड जेकब. ग्रेवाल झाले अली अमीर. दोघांनी ख्रिस्ती नावं का घेतली असतील याचा विचार केला तर त्यांची हुशारी कळते. मुसलमान म्हणवलं तर नमाजाच्या वेळी, एखाद्या दुव्याच्या उच्चारात, कुठेतरी चूक होईल. पंजाबात ख्रिस्ती वस्ती आहे, पाकिस्तानी हवाईदलातही ख्रिस्ती आहेत. शिवाय इंग्रजी वळणाचं बोलणं त्या नावांना शोभून जातं. परुळकरसारखं आडनाव लपवायला फिलिप पीटर बरं पडतं, कारण त्याला गावच नाही.

सकाळी पेशावर. तिथून टांगा, थोडी पायपीट, मग जमरूदकडे आणि पुढे बसच्या टपावर बसून लंडी कोतल. सकाळचे साडेनऊ. रावळपिंडी सोडून रात्रही पुरती झाली नव्हती आणि सीमा चार मैलांवर होती.

लंडी कोतल हे खिंडीतलं बाजाराचं गाव. इथे सगळ्यांची डोकी झाकलेली, या तिघांची उघडी. त्यांनी टोप्या विकत घेतल्या. चहाच्या टपरीवर बसून चौकशी केली: लंडी खान्याला कसं जायचं?

यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत विलक्षण वाटतं. लंडी खाना नावाचं गावच आता कोणाच्या तोंडी नव्हतं. खैबरची रेल्वे ब्रिटिशांनी बांधली. १९२५च्या नोव्हेंबरात ती लंडी कोतलपर्यंत पोचली आणि १९२६च्या एप्रिलमध्ये त्याहून खाली, सीमेच्या दिशेनं, लंडी खान्यापर्यंत. पण तो शेवटचा तुकडा सात वर्षंही चालला नाही. डिसेंबर १९३२मध्ये तो बंद झाला. म्हणजे परुळकर त्या टपरीवर बसले तेव्हा त्या स्टेशनला बंद होऊन चाळीस वर्षं होत आली होती. परुळकरांचा जन्म व्हायच्या आधीच ते स्टेशन मेलेलं. नकाशावर मात्र ते ताजंतवानं होतं. सीमेला जाणारा कोणीही माणूस आता तोरखम म्हणे. लंडी खाना विचारणारा माणूस एकतर फार म्हातारा असेल, नाहीतर परका.

तहसिलीतल्या एका कारकुनाला शंका आली. हे नाव तर इंग्रजांबरोबर गेलं, तुम्हाला कुठून माहीत? त्याला वाटलं हे बंगाली असावेत. तशी शंका येणं त्या वर्षी साहजिक होतं. पश्चिम पाकिस्तानात अडकलेले कितीतरी बंगाली नोकरदार आणि सैनिक त्या महिन्यांत याच वाटेनं काबूलला निसटत होते, तिथून आपल्या नव्या देशात. म्हणजे आमची तीन माणसं पकडली गेली ती भारतीय म्हणून नव्हे. ज्या लढाईत ते उतरले, त्या लढाईतून जन्मलेल्या देशाची माणसं समजून त्यांना पकडलं.

तिघांना तहसिलदारापुढे नेलं. फिलिप पीटर आणि मंडळींनी आपण पाकिस्तानी हवाईदलाचे, सुट्टीवर आलोय, असं सांगून पाहिलं. ते टिकण्यासारखं नव्हतं. कबायली मुलखात हेर म्हणून संशय आला तर गोळी लांब नसते. तेव्हा परुळकरांनी एक चाल खेळली. त्यांनी तहसिलदाराला सांगितलं की हवाईदल प्रमुखांचे एडीसी, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, यांना फोन लावून द्या. हे तेच, नाताळात केक आणवणारे. छावणीतून त्यांची बदली होऊन ते आता प्रमुखांच्या कचेरीत होते. फोन लागला. परुळकरांनी आपण कोण ते त्यांना कळेल असं बोलून घेतलं. उस्माननी तहसिलदाराला सांगितलं की ही आमची माणसं आहेत, त्यांना ताब्यात ठेवा, पण मारू नका.

'आमची माणसं.' या दोन शब्दांवर मी बराच वेळ अडकलो आहे. ते खोटं होतं, आणि एका अर्थी खरंही. आमच्या यादीतली माणसं, आमच्या वहीत ज्यांची नावं आहेत ती माणसं, ज्यांचा जाब आम्हाला द्यावा लागेल ती माणसं. फिलिप पीटर हे नाव ज्या क्षणी सुटलं आणि परुळकर हे नाव परत आलं, त्या क्षणी त्यांची सुटका हुकली आणि जीव वाचला. दोन्ही एकदम.

याची तुलना करायला जगात दुसरं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. हॅरी डे हा ब्रिटिश विंग कमांडर ५७ स्क्वाड्रनचा प्रमुख. ब्लेनहाइम जातीचं बाँबफेकी विमान घेऊन निघाला आणि १३ ऑक्टोबर १९३९ला, म्हणजे महायुद्ध सुरू होऊन सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा, जर्मनीवर पडला. पुढची जवळजवळ सगळी लढाई तो कैदी होता आणि त्या कैदेत तो पळण्याच्या बेतांचा वडीलधारा झाला. मार्च १९४४मध्ये स्टालाग लुफ्ट ३ या छावणीतून भुयारातून जे ७६ जण निसटले, त्यांत तो होता. ७३ पकडले गेले. त्यांतल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमावरून गेस्टापोनं गोळ्या घातल्या. डे वाचला, साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत गेला आणि तिथूनही भुयार खणून निघाला; पुन्हा पकडला गेला. त्या पन्नास जणांच्या हत्येचे खटले पुढे चालले. १९४९च्या जिनिव्हा करारात पळालेल्या कैद्याला पकडल्यावर शिस्तभंगापलीकडची शिक्षा देऊ नये आणि ती तीस दिवसांहून जास्त असू नये, असं लिहिलेलं आहे.

परुळकर, ग्रेवाल आणि सिंहजी यांना तीस दिवस एकांतवासाची शिक्षा झाली. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. हा आकडा जेव्हा मी कराराच्या नव्वदाव्या कलमाशी ताडून पाहिला तेव्हा मला बरं वाटलं. दोन देश एकमेकांचा इतका द्वेष करत असतानाही कोणीतरी एक कागद उघडून वाचला होता.

बाकीच्या कैद्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवण्यात आलं. १ डिसेंबर १९७२ला पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल झाली आणि हे सगळे वाघ्याच्या फाटकातून चालत भारतात आले. पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल पुढे परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. त्यांनी नंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही काम केलं, म्हणजे खडकवासल्याला पोरांना शिकवलं. कॅडेटना त्यांनी भगदाडाची गोष्ट सांगितली असेल. मला मात्र त्यांनी त्यांना ताजा नकाशा वापरायला शिकवला असेल असं वाटत राहतं.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण ग्रेवालांचं नाव आलं की मला दुसरं एक नाव आठवतं. ग्रेवाल ३२ स्क्वाड्रनचे. ४ डिसेंबर १९७१ला शोरकोटच्या हवाई तळावर हल्ला करताना त्यांचं सुखोई पडलं. दुसऱ्या दिवशी, ५ डिसेंबरला, त्याच स्क्वाड्रनचं दुसरं सुखोई त्याच तळावर पडलं. त्यात होते फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे.

ग्रेवाल रावळपिंडीला पोचले, तिथून लंडी कोतलला, लायलपूरला आणि अखेर वाघ्याला. तांबे कुठेच पोचले नाहीत. त्यांच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लढाईच्या त्याच दिवसांत ढाक्याहून निघणाऱ्या 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली होती आणि त्यांत एक नाव रोमन लिपीत छापलं होतं. ते आपण वाचलं तर 'टोंबे' असं होतं. एका स्वराचा फरक. तांबे नावाचा दुसरा वैमानिक बेपत्ता नव्हता, टोंबे नावाचा कोणी वैमानिकच नव्हता. तरीही ती बातमी पुरावा झाली नाही.

१ डिसेंबर १९७२ला वाघ्याला आलेल्यांत ते नव्हते. भारताच्या मते १९७१च्या लढाईतले ५४ जण असे आहेत. पाकिस्ताननं आपल्याकडे असा एकही कैदी असल्याचं कायम नाकारलं आहे. १९८३मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात जाऊ दिलं. २००७मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून फिरून आले. दमयंती तांबे त्यांत होत्या. हाती काही लागलं नाही. त्यांनी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि बाकीचं आयुष्य कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात गेलं. तांबे विमानासोबतच गेले असतील, हेही शक्य आहे. पण शक्य आहे म्हणणं आणि कोणीतरी वहीत तसं लिहून सही करणं, या दोहोंत पन्नास वर्षांचं अंतर पडलं आहे.

म्हणून शेजाऱ्यांच्या प्रश्नाला, 'फिर तो भागे कहाँ', माझं उत्तर असं आहे: परुळकर पळून कुठेही पोचले नाहीत, हे खरं. पण त्यांची बारा-चौदा तासांची पळापळ आपल्याला मिनिटामिनिटानं सांगता येते. पहारेकरी कसा बसला होता, टोप्या कुठे घेतल्या, फोन कोणी उचलला, सगळं. तांब्यांचा त्या सकाळनंतरचा एक मिनिटही आपल्याला सांगता येत नाही. दोघेही मराठी, दोघेही सुखोईवाले, पाच दिवसांच्या अंतरानं पडलेले.

पलीकडेही हेच झालं असणार, हे मी विसरत नाही. १९७२मध्येच उत्तर प्रदेशातल्या फतेहगडच्या छावणीतून पाकिस्तानी अधिकारी भुयार खणून निसटले. त्यांतले नादिर परवेझ पुढे पाकिस्तानात मंत्री झाले. त्यांच्याकडे ती शौर्यकथा आहे, आपल्याकडे ही. आणि त्यांच्याकडेही अशी घरं असणार जिथे कोणाचं तरी नाव कुठल्या वहीत शिरलंच नाही.

भिलाईचं कारण सांगायचं राहिलं. इथे आम्ही पत्ता सेक्टरनं सांगतो: सेक्टर सहा, सेक्टर नऊ, सिव्हिक सेंटर. कारखाना आणि वसाहत उभी राहण्याआधी या जमिनीवर खेडी होती. त्यांची नावं सातबाऱ्यासारख्या जुन्या कागदांत आहेत आणि थोड्या म्हाताऱ्यांच्या तोंडात. माझे वडील कधीकधी रिक्षावाल्याला असं एखादं जुनं नाव सांगत आणि तो त्यांच्याकडे बघत राही. मी चिडून म्हणायचो, बाबा, सेक्टर सांगा. ते म्हणायचे, अरे, तिथली माणसं हेच म्हणायची. लंडी कोतलच्या टपरीवरचा तो कारकून मला तेव्हापासून ओळखीचा वाटतो. तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त एक मेलेलं नाव ऐकू आलं होतं आणि तो चमकला होता.

परुळकरांच्या बातमीत त्यांचं नाव कुठे परुळकर, कुठे पारुळकर, कुठे पारुलकर असं छापून आलं. त्यानं काही बिघडलं नाही; माणूस घरी येऊन, मुलाबाळांत म्हातारा होऊन गेला होता. दुसरं नाव मात्र मला इथे देवनागरीत, एकही स्वर इकडचा तिकडे न होऊ देता लिहून ठेवावंसं वाटतं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ३२ स्क्वाड्रन. ५ डिसेंबर १९७१.